मागच्या दारी डेक घालताना

बदलापुरात घरामागे डेक घालायचा तर पहिला खर्च लाकडावर नव्हे, खडीवर करावा. डेक म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या तेल पाजलेल्या तांबूस फळ्या, कोपऱ्यातली वेताची खुर्ची आणि कुंड्यांची ओळ. मोबाइलवर दिसणारी ही चित्रं बहुतेक थंड देशांतली असतात. तिथल्या सुताराला काळजी बर्फाची, आपल्याला चार महिने कोसळणाऱ्या पावसाची. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा फूट बाय पंधरा फुटांचा डेक सुमारे १४ चौरस मीटरचा भरतो. १०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात, आणि असे दिवस इथे दर जुलैत येतात, त्यावर १४०० लिटर पाणी पडतं. ते फटींतून खाली जातं. खाली गेल्यावर ते कुठे वळतं, यावर तुमचा डेक तीन वर्षं टिकतो की वीस, हे ठरतं.

कोकणातल्या जुन्या घरांनी हा प्रश्न दोन वाटांनी सोडवला होता. जोतं आणि पडवी पक्की बांधायची, कौलाखाली घ्यायची. पुढचं खळं मात्र दर वर्षी नवं करायचं. पाऊस ओसरला की जमीन उकरायची, पाणी मारायचं, चोपायची, शेणानं सारवायची आणि वर मांडव घालायचा. मेअखेर मांडव उतरवून काठ्या माळ्यावर. जे पावसाला तोंड देऊ शकतं ते कायमचं, जे देऊ शकत नाही ते सुटं, अशी सरळ वाटणी होती. डेक बांधताना मला याहून चांगली युक्ती सापडलेली नाही. पाये आणि सांगाडा पक्का, फळ्या मात्र उचलता येतील अशा चौकटींत. पुढचं सगळं याच हिशेबानं सांगतो.

आधी जागा. बदलापूरच्या पश्चिमेला उल्हास नदी वाहते आणि ती किती आत येऊ शकते हे गावाला ठाऊक आहे. २६ जुलै २००५ला तिने दाखवलं. २७ जुलै २०१९ला पुन्हा दाखवलं, त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकून पडली होती आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. हेंद्रेपाडा, वालिवली किंवा नदीच्या अंगाला कुठेही घर असेल, तर शेजारच्या जुन्या माणसाला विचारून २००५चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ते समजून घ्या आणि खडूनं रेघ मारा. डेक त्या रेघेच्या वर नेणं बहुधा शक्य नसतं. पण मग एवढं तरी कळतं की लाकूड पाण्यावर तरंगतं, सुटी चौकट पुरात वाहून जाईल, आणि ती खाली अडकवायची सोय लागेल किंवा पावसाळ्यात गच्चीत न्यायची. कात्रप, शिरगाव, खरवईच्या बाजूला नदीची ही भीती नाही. तिथे चढावरून येणारं पाणी मागच्या कुंपणातून शिरतं. म्हणून एका जोरदार सरीत छत्री घेऊन परसात उभं राहावं आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं ते बघून घ्यावं. कुठल्याही नकाशापेक्षा ही पाहणी खरी.

परसात जमिनीखाली काय आहे, हेही मेजरटेप काढण्यापूर्वी आठवायला हवं. इकडच्या बहुतेक बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या मागे सेप्टिक टँक असतो, शोषखड्डा असतो, कुठे पाण्याची जमिनीतली टाकी, कुठे बोअर. टँकच्या स्लॅबवर डेकचा पाया येता कामा नये आणि झाकणावर कायमच्या ठोकलेल्या फळ्या तर मुळीच नकोत. टँक उपसायला गाडी आली की मग पहार आणून फळ्या उखडाव्या लागतात. सुट्या चौकटींचा पहिला फायदा इथे होतो.

दिशेचं गणित सोपं आहे. पाऊस नैऋत्येकडून येतो, तिरका येतो. उन्हाळ्यात दुपारचं ऊन पश्चिमेचं, आणि एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला जागा मिळाली तर घर स्वतःच छत्रीचं काम करतं. मागचं दार पश्चिमेलाच असेल तर निदान अर्ध्या भागावर छप्पर गृहीत धरून चाला.

आणि परवानगी. जमिनीपासून फूटभर उंचीच्या सुट्या फळ्या ही एक गोष्ट. त्यावर खांब रोवून पत्रा घालणं ही दुसरी. घराभोवती सोडायची मोकळी जागा आणि तिच्यात काय करता येतं, याचे नियम डिसेंबर २०२०मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. छप्पर घालायचं असेल तर आधी कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत किंवा तिच्या नोंदणीतल्या आर्किटेक्टकडे विचारा. सोसायटीतला तळमजला असेल तर सोसायटीचं लेखी पत्रही घ्या. शेजाऱ्याच्या भिंतीवर आपल्या पत्र्याचं पाणी पडलं की मैत्री संपते, हे नियमावलीत लिहिलेलं नसतं.

आता खालचं काम. गवत, मुळं आणि वरची सैल माती चार-सहा इंच काढून टाकायची. उरलेल्या जमिनीला घरापासून दूर असा ढाळ द्यायचा, दर फुटाला पाच मिलिमीटर पुरे. दहा फुटांवर तो पाच सेंटिमीटर होतो. डोळ्यांना जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. ढाळाच्या शेवटी वीतभर रुंद चर, तो पुढे गटाराला किंवा बागेतल्या शोषखड्ड्याला जोडायचा. मग सगळ्या जागेवर तीन-चार इंच काळी खडी पसरायची. खडीखाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा मोह अनेकांना होतो, गवत येणार नाही म्हणून. अंथरू नका. कागदावर पाणी साचतं, त्यात डास होतात आणि डेकखालची डबकी शोधायला कोणी वाकत नाही.

पाये किती लागतील? दहा बाय पंधराच्या डेकला पाच-पाच फुटांवर घेतले तर आडवे तीन, उभे चार, असे बारा. प्रत्येकासाठी फूटभर चौरस खड्डा, कडक मुरूम लागेपर्यंत खोल. कुठे तो दीड फुटावर लागतो, नदीकडच्या गाळाच्या जमिनीत अधिक खाली जावं लागतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर टेकलेला पाया दर वर्षी थोडा वर-खाली होतो आणि डेक कुरकुरायला लागतो. खड्ड्यात काँक्रीटचा ठोकळा भरून तो जमिनीच्या वर निदान सहा इंच काढायचा. या सहा इंचांवर तडजोड नको. जुन्या वाड्यांत सागवानी खांब कधी मातीत रोवत नसत. तो दगडी तळखड्यावर उभा असे. खांबाचा बुंधा कोरडा राही आणि वाळवीला वर चढायचं तर दगडावरून उघड्यावर चढावं लागे. आपला काँक्रीटचा ठोकळा म्हणजे तोच तळखडा. वाळवीच्या मातीच्या नळ्या त्यावर दिसल्या की झाडूनं मोडायच्या आणि औषधवाल्याला बोलवायचं. खांब मातीत असता तर नळ्या दिसल्याच नसत्या, थेट पोकळ फळीच हाती आली असती. दगड परवडत असेल आणि गवंडी जाणता असेल तर काळ्या पाषाणाचे घडीव तळखडे घ्यावेत. पाच मैलांवरचं अंबरनाथचं शिवमंदिर याच दगडाचं आहे, तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. तेवढा टिकाऊपणा डेकला लागत नाही, पण पावसाचं भय या दगडाला नाही हे उघड आहे.

बारा ठोकळ्यांची माथी एका पातळीत आणायला महागडं यंत्र नको. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक पहिल्या ठोकळ्यावर, दुसरं बाराव्यावर, आणि खुणा करायच्या. सगळे गवंडी हे करतात. नळीत बुडबुडा राहिला नाही ना, एवढं तुम्ही बघा.

सांगाड्याची रचना आपल्या ओळखीची आहे. वाड्याच्या माडीला कडीपाट असे: तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. डेक म्हणजे जमिनीजवळ उतरवलेला कडीपाट. पंधरा फूट लांबीच्या तीन तुळया, प्रत्येक चार ठोकळ्यांवर टेकलेली. त्यांच्यावर आडव्या, दर पंधरा इंचांवर एक, दहा फुटी तेरा कड्या. हे सगळं लाकडाचं करता येतं, पण बदलापुरात मी लोखंडाकडे कौल देईन. कड्यांना दोन बाय दोन इंचांचा चौकोनी पाईप, तुळयांना त्याहून उंच, आणि शक्य असेल तर गॅल्व्हनाइज्ड. साधा एमएस पाईप घेतलात तर वेल्डिंगची प्रत्येक जोड घासून त्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि मग रंग. पाइपाची उघडी तोंडं पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बंद करायलाच लावा. फॅब्रिकेटर ते काम शेवटी ठेवतो आणि विसरतो. उघड्या तोंडातून पाणी आत शिरतं, गंज आतून धरतो आणि बाहेरून रंग झकास दिसत असताना एक दिवस पाय खाली जातो.

सांगाडा घराच्या भिंतीला बोल्ट करू नका. तो आपल्या पायांवर उभा राहू दे आणि भिंत आणि डेक यांच्यात इंचभर फट ठेवा. भिंतीवरून ओघळणारं पाणी त्या फटीतून खाली जातं. चिकटवलं तर तेच पाणी भिंतीत मुरतं आणि वाळवीला घरात यायला पूल मिळतो. डेकचा माथा उंबऱ्याच्या दोन इंच खाली ठेवा. उंबऱ्याच्या पातळीत आणलेला डेक फोटोत छान दिसतो, पण वाऱ्याबरोबर येणारी सर थेट स्वयंपाकघरात जाते.

डेकखालच्या पोकळीबद्दल एक गोष्ट बजावून सांगायला हवी. आपल्या गावाला डोंगर आणि जंगल लागून आहे. घोणस, नाग, मण्यार इथे परके नाहीत. डेकखालची अंधारी, थंड जागा उंदरांना आवडते आणि उंदरांमागून साप येतात. उपाय दोनच. एक तर खालची पोकळी दीड फूट ठेवून चारही बाजूंनी मोकळी सोडा, म्हणजे खराटा आरपार जातो आणि टॉर्च मारली की सगळं दिसतं. नाही तर पाव इंची जाळीनं सगळ्या बाजू जमिनीत चार इंच गाडून बंद करा. अर्धवट बंद, अर्धवट उघडं सगळ्यात वाईट. आणि चौकट उचलताना हात खाली घालू नका, आधी पहारेनं किंवा काठीनं कड वर करा.

लाकडाची गोष्ट लांबणार, कारण पैसे तिथेच जातात आणि फसवणूकही तिथेच होते. सागाला पर्याय नाही असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण सागाच्या गाभ्याबद्दल. गाभ्याचं तांबूस लाकूड वाळवीला आणि बुरशीला दाद देत नाही; सालीजवळचं पांढरं लाकूड मात्र सागाचं असूनही दोन पावसाळ्यांत जातं. वखारीत फळी हातात घेऊन दोन्ही कडा पाहायच्या. एका कडेला फिकट पट्टा असेल तर तेवढा कापून टाकायला लावा किंवा फळी परत करा. रंग देऊन, तेल लावून ठेवलेली फळी तर घेऊच नका. तेलाखाली पांढरं लपतं.

पाडलेल्या वाड्या-चाळींचा जुना साग मिळाला तर उत्तम. तो कित्येक दशकं सुकलेला असतो, आता वाकडा व्हायचा नाही. रंध्याला देण्याआधी प्रत्येक नगावर लोहचुंबक फिरवा, आत तुटलेला खिळा असला तर रंध्याच्या पात्याचे तुकडे उडतात. ऐन सागाहून जड आणि कणखर. जुन्या घरांच्या तुळया त्याच्या असत. पण तो उन्हात तडकतो, म्हणून डेकच्या वरच्या फळ्यांपेक्षा खालच्या कामाला बरा. आंब्याचं लाकूड स्वस्त आहे म्हणून कोणी सुचवलं तर ऐकू नये, उघड्या पावसात ते किड्यांचं जेवण ठरतं. अंबरनाथला विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना होता, विम्को नाका हे नाव त्यावरूनच पडलं. काडीला मऊ, हलकं, सहज पेट घेणारं लाकूड हवं. डेकला हवं ते नेमकं याच्या उलट.

बदलापुरात जांभळाचा विषय निघणारच. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे ते फळासाठी, पण लाकूडही पाण्याला खंबीर म्हणून नावाजलेलं. विहिरीच्या तळाशी जांभळाची चौकट बसवायची पद्धत देशात अनेक ठिकाणी होती. म्हणून परसातलं म्हातारं जांभूळ पाडून त्याचाच डेक करावा असं कोणाच्या मनात आलं, तर दोन अडचणी. सुकताना ते फार पिळतं आणि फाटतं. दुसरं, जांभूळ हे १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहे, साग, ऐन, फणस, आंबा, खैर यांच्यासोबत. शहर हद्दीत त्यावर १९७५चा नागरी क्षेत्रातला वृक्ष जतन कायदाही लागू होतो आणि परवानगीशिवाय कुऱ्हाड चालवता येत नाही. झाड राहू द्या. डेक त्याच्यापासून दूर घ्या, म्हणजे जूनमध्ये जांभळ्या डागांवरून घरात भांडण होणार नाही.

स्वस्तातला मार्ग म्हणजे कारखान्यांच्या पॅलेट. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीतून पाईनच्या पेट्या आणि पॅलेट भंगारात येतात आणि त्यांचा डेक करायची सध्या टूम आहे. त्या वापरायच्याच तर आधी छाप शोधा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि दोन इंग्रजी अक्षरं असतात. एच-टी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, एम-बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एम-बी नको. आणि या पट्ट्यात रसायनांचे कारखाने बरेच आहेत. पॅलेटवर काय सांडलं होतं हे कोणी सांगणार नाही. डाग किंवा वास असलेली पॅलेट, ज्यावर मुलं अनवाणी धावणार आणि पापड वाळणार, तिथे आणू नये. शिवाय पाईन उघड्यावर इथे फार काळ टिकत नाही, म्हणून तिला कुंड्यांच्या मांडणीपुरतीच ठेवावी.

डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची फळी, सध्या सगळीकडे मिळते. वाळवी लागत नाही, तेल पाजावं लागत नाही. पण ती लाकडाइतकी ताठ नसते, कड्या बारा इंचांवर घ्याव्या लागतात. उन्हात ती लांबीला वाढते, टोकांशी पाच-सहा मिलिमीटर जागा सोडली नाही तर मेमध्ये कमान धरते. गडद रंगाची फळी दुपारी अनवाणी पायाला सोसत नाही, म्हणून फिकट रंग. आतून पोकळ फळी घेतली तर टोकांच्या टोप्या बसवायच्याच, नाही तर आत मुंग्या घर करतात. मला विचाराल तर पावसाच्या माऱ्यातल्या कडेला डब्ल्यूपीसी आणि बसायच्या भागात साग, ही वाटणी बरी. दोन्हींचा रंग जुळवण्याच्या फंदात पडू नका, दोन वर्षांत साग राखाडी होतो आणि डब्ल्यूपीसी आहे तशीच राहते.

आता चौकटी. पंधरा इंचांवर कड्या घेतल्या त्याचं कारण इथे कळेल. अडीच फूट बाय अडीच फुटांची चौकट तीन कड्यांवर बसते, दोन्ही कडा अर्ध्या-अर्ध्या कडीवर आणि मधली कडी पोटाखाली. असे सहा आडवे, चार उभे, एकूण २४ नग. प्रत्येकात चार इंच रुंद, इंचभर जाड सात फळ्या आणि सात मिलिमीटरच्या फटी. फळ्यांच्या खालून कड्यांना समांतर दोन पट्ट्या मारायच्या, त्या दोन कड्यांच्या मधल्या पोकळीत उतरतात आणि चौकट सरकत नाही. सागाचा असा एक नग साधारण बारा किलोचा होतो, घरातलं कोणीही उचलू शकतं. एका कोपऱ्यात एक स्क्रू कडीत घट्ट करायचा, म्हणजे पुरात किंवा वादळात नग उडत-वाहत नाही.

फटीवरून सुताराशी वाद होईल. फर्निचरचं काम करणारा सुतार घरातल्या सवयीनं फळीला फळी भिडवतो, ती त्याच्या हाताची शान असते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून सुतार बोलावलात, आणि आपल्याकडे बहुतेक जण तिथेच जातात, तर पहिल्या दिवशीच सात मिलिमीटर जाडीचे प्लायचे तुकडे त्याच्या हातात द्या आणि प्रत्येक दोन फळ्यांत घालून मगच स्क्रू मारायला सांगा. मेमध्ये सुकलेली फळी जुलैत रुंदीला फुगते. जागा नसेल तर ती वर उचलते आणि स्क्रू उपटते.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ दर्जाचे. इथे काटकसर दिसून येते ती अक्षरशः: सागात आणि ऐनात टॅनिन असतं, साध्या लोखंडाशी आणि पाण्याशी त्याची गाठ पडली की प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग उमटतो आणि तो घासून जात नाही. लोखंडी कडी आणि फळी यांच्यामध्येही रबराची पातळ पट्टी अंथरा, डाग टळतो आणि चालताना आवाजही होत नाही. प्रत्येक स्क्रूआधी ड्रिलनं बारीक भोक पाडायचं, विशेषतः फळीच्या टोकाशी. आणि फळीची कापलेली टोकं तेलात बुडवून घ्यायची. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून.

तेल कोणतं? उकळलेलं जवसाचं तेल मिळतं, कोकणात काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना आणि वाशांना लावतात. दुसरं वाळवीला अधिक जालीम आहे पण कातडी जाळतं, हातमोज्यांशिवाय शिवू नये आणि पूर्ण सुकेपर्यंत कोणाला बसू देऊ नये, म्हणून मी ते फक्त फळीच्या खालच्या अंगाला लावेन. चकचकीत पॉलिश किंवा वॉर्निश उघड्या डेकला नकोच. एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात आणि पुढच्या वेळी सगळं खरवडत बसावं लागतं. तेल नुसतं पुन्हा पाजता येतं.

एवढं झालं की मग हौसेच्या गोष्टी. मागचं दार म्हणजे धुणं-भांडी, फडकी, बादल्या. म्हणून दाराला लागून दोन-तीन फुटांचा पट्टा लाकडाचा न करता कोटा किंवा शहाबादी फरशीचा करावा, ढाळ मोरीकडे. लाकूड त्याच्या पुढे सुरू होऊ दे. पॉलिश न केलेली खरबरीत फरशी घ्या, पावसात ती घसरत नाही.

झोपाळा हवाच असेल, आणि मराठी घरात तो हवाच असतो, तर त्याचे खांब डेकच्या सांगाड्याला जोडू नका. झोक्याचा धक्का उभा नसतो, तो मागे-पुढे ओढतो आणि वर्षभरात सगळ्या जोडांना ढिलं करतो. झोपाळ्याचे चार पाय वेगळ्या, जास्त खोल पायांवर उभे राहावेत आणि डेकच्या फळ्यांतून नुसते आरपार जावेत, बोटभर जागा सोडून.

तुळशी वृंदावन मध्ये घ्यायचं असेल तर एक नग गाळून ते थेट जमिनीवर बांधावं. रोजचं पाणी लाकडावर येत नाही. झाड मध्ये येत असेल तर खोडाभोवती वीतभर मोकळं ठेवा, बुंधा वाढतो. नारळाखाली डेक घेऊ नये, याला कारण लागत नाही. कडेला रेलिंगऐवजी सव्वा-दीड फूट उंच बाक केला तर दीड फुटाच्या डेकला तेवढं पुरतं आणि कोजागरीला खुर्च्या गोळा कराव्या लागत नाहीत. वाळवणाला डेकसारखी जागा नाही, जमिनीपासून वर, खालून वारा. मात्र आधी चटई आणि सुती कापड घाला. फटीतून पडलेला एक एक गहू खाली उंदराला आमंत्रण देतो. दिवे बारा व्होल्टचे, बाकाच्या खालच्या कडेला, ट्रान्सफॉर्मर घरात भिंतीवर उंच, आणि त्या लाइनवर ईएलसीबी असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

छपरासाठी घराकडची पाच फूट पट्टी पॉलिकार्बोनेट किंवा पत्र्यानं झाका, पन्हळीसकट. पन्हळ नसली तर सगळं पाणी नेमक्या एका रेषेत डेकवर कोसळतं आणि त्या रेषेतल्या फळ्या आधी जातात. पुढची पाच फूट उघडी ठेवा आणि त्यावर उन्हाळ्यापुरता मांडव. हिरवी जाळी सोपी. झावळ्यांची विणलेली झापं मिळाली तर खालचा गारवा निराळाच. बांबूचा मांडव आता सोपा झाला आहे, कारण २०१७मध्ये कायदा बदलून वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आणि तोडीची, वाहतुकीची कटकट कमी झाली. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेला बांबू किड्यांपासून वाचतो, पण हे मीठ पावसात धुऊन जातं. म्हणून असा बांबू छपराखाली ठेवावा किंवा मेअखेर उतरवून आत घ्यावा. मधुमालती, कृष्णकमळ, नाही तर सरळ तोंडलीचा वेल कडेच्या तारांवर चढवा. फळ्यांवर मात्र वेल चढू देऊ नका, पानांखाली लाकूड सुकत नाही.

निगा फार नाही, पण वेळेवर हवी. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळे नग उचलून खालचा पाचोळा काढायचा आणि चर मोकळा करायचा. पुराच्या पट्ट्यात असाल तर हे नग तेव्हाच गच्चीत जातात. पावसाळ्यात आठवड्याला एकदा खराटा, शेवाळं धरायच्या आत. धरलंच तर साबणाचं पाणी आणि कडक ब्रश, ब्लीचिंग पावडर नको, ती लाकूडही खाते आणि स्क्रूही. प्रेशरच्या पाण्यानं फळीचे तंतू उभे राहतात आणि पुढे पायात कुसळं जातात. दसऱ्यानंतर धुऊन पंधरा दिवस उन्हात सुकू द्यायचं, मग दिवाळीच्या आसपास तेलाचा हात. राखाडी झालेला साग खराब झालेला नसतो, तो रंग फक्त वरच्या पापुद्र्याचा असतो. खरी परीक्षा पेचकसाची: फळीच्या टोकाशी आणि स्क्रूच्या बाजूला टोचून पाहा. पाव इंचाहून आत गेला तर ती फळी बदलायची, शेजारचीला काही करायचं नाही.

बदलायला फळी हाताशी हवी. वखारीत पुन्हा गेलात तर त्याच लॉटचं, त्याच जाडीचं लाकूड मिळत नाही. म्हणून पहिल्या खरेदीतच आठ-दहा फळ्या जास्त घ्याव्यात, टोकांना तेल लावून, मध्ये रिपा घालून जिन्याखाली आडव्या रचून ठेवाव्यात, आणि त्यांवर घरातलं कोणी शेल्फ करणार नाही याची व्यवस्था बघावी.